फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची तक्रार कशी करावी

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मला एक मेल आला. "तुमचा कन्व्हर्टर जोडाक्षरं खातो. उद्या सकाळी अकरापर्यंत निविदा भरायची आहे. ताबडतोब दुरुस्त करून पाठवा." खाली नाव नाही, सोबत फाइल नाही, कोणतं जोडाक्षर तेही नाही.

हा कन्व्हर्टर म्हणजे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आणणारं छोटंसं साधन. मामांनी फार पूर्वी टाइप करून घेतलेलं एक पुस्तक वाचवायचं होतं म्हणून मी ते लिहिलं आणि आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलं. नोकरी, घर, मुलीचा अभ्यास हे उरकलं की रात्री जो तासभर उरतो त्यात त्याची डागडुजी करतो. पैसे कुणाकडून घेत नाही. मेल लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो त्याचा दोष असं मी म्हणणार नाही, कारण सॉफ्टवेअर डाउनलोड करताना हे कुणी सांगतच नाही.

त्या रात्री मी फाइल मागितली, ती आली आणि उलगडा झाला. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या आणि दोन्हींत 'त्र' वेगवेगळ्या जागी बसवलेला होता. दुरुस्ती वीस मिनिटांत झाली. त्याआधीचा पाऊण तास फक्त फाइल आणि फॉन्टचं नाव मिळवण्यात गेला होता.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघायला आणि बदलायला खुला असतो असं, सॉफ्टवेअर नव्याने वापरू लागलेल्या माणसाने अडचण आली तर काय करावं, कुणाकडे, कोणत्या शब्दांत मागावं, हे मी खाली क्रमाने लिहितो आहे. मी स्वतः रोज दुसऱ्यांची अशी डझनभर साधनं वापरतो, तेव्हा तक्रार करणाऱ्याची घालमेलही मला माहीत आहे.

पायरी १. समोर कोण आहे ते बघा

ओपन सोर्स म्हटलं की सगळं एकाच छापाचं वाटतं. प्रत्यक्षात तीन तऱ्हा आहेत. काही सॉफ्टवेअरमागे कंपनी असते. रेड हॅटसारखी कंपनी सेवेचे पैसे घेते आणि करारात लिहिलेल्या वेळेत उत्तर देते. काहींमागे ना-नफा संस्था असते. लिब्रेऑफिसमागे डॉक्युमेंट फाउंडेशन आहे, व्हीएलसी प्लेअरमागे पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभी राहिलेली व्हिडिओलॅन ही संस्था आहे. तिसरी तऱ्हा सगळ्यांत मोठी: एक माणूस किंवा दोघंतिघं, आपापल्या घरून, सवडीने.

ओळखायचं कसं? प्रकल्पाचं रेपॉझिटरीचं, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेचं, पान उघडा. तिथली रीडमी ही माहितीची फाइल पूर्ण वाचा. कॉन्ट्रिब्यूटरांची, म्हणजे योगदान देणाऱ्यांची, यादी बघा. शेकडो नावं असली तरी गेल्या वर्षभरातले कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, एकाच नावाने आहेत का ते महत्त्वाचं. पैसे देऊन सेवा मिळते असं कुठे लिहिलंय का ते बघा. शेवटचा कमिट दोन वर्षांपूर्वीचा असला म्हणून लगेच 'प्रकल्प मेला' असं ठरवू नका. एखादं लहान साधन पूर्ण झालेलं असतं, त्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

सॉफ्टवेअर किती मोठ्या प्रमाणावर वापरात आहे यावरून मागे किती माणसं असतील याचा अंदाज बांधाल तर फसाल. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतला, म्हणजे दुसरी सॉफ्टवेअर वापरतात अशा तयार कोडमधला, 'हार्टब्लीड' नावाचा दोष जाहीर झाला. जगातल्या वेबसाइट्सचा फार मोठा हिस्सा सुरक्षित जोडणीसाठी या लायब्ररीवर अवलंबून होता. त्या प्रकल्पाला तोवर देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस होता एक. त्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत अशा प्रकल्पांसाठी निधी उभा केला.

पायरी २. लायसन्समधला तो एक परिच्छेद वाचा

सॉफ्टवेअरसोबत वापराच्या अटी सांगणारं लायसन्स असतं. त्यातलं एमआयटी लायसन्स जेमतेम पानभर आहे. त्याचा शेवटचा परिच्छेद इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याचा अर्थ असा: हे सॉफ्टवेअर 'आहे तसं' दिलं आहे, कसलीही हमी नाही, यामुळे काही नुकसान झालं तर लेखक जबाबदार नाही. जीपीएल, अपाचे ही लायसन्सही हेच सांगतात. वापरा, बदला, वाटा, विका. बदल्यात हमी मागू नका, असा हा व्यवहार आहे. आपण डाउनलोड करतो ते सॉफ्टवेअर याच अटीवर दिलेलं असतं.

हे न वाचणारे फक्त नवखे नसतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत गंभीर दोष सापडला आणि कंपन्यांची धावपळ उडाली. पुढच्याच महिन्यात इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या कर्ल या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचा मेल आला: तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, चोवीस तासांत सविस्तर लेखी उत्तर द्या. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्याचा जावाशी संबंध नाही. ती कंपनी त्यांची ग्राहकही नव्हती. स्टेनबर्ग यांनी कळवलं की सपोर्टचा करार करा, सगळ्या प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतो. मला हे उत्तर अगदी योग्य वाटतं. ज्याला वेळेची हमी हवी आहे त्याने वेळ विकत घ्यावा, यात कमीपणा कुणालाच नाही.

लेखकाकडूनही एक अपेक्षा मी धरतो: 'आहे तसं' आहे ते कसं आहे, हे त्याने खरं सांगावं. सांभाळायला वेळ नसेल तर रीडमीच्या वर तसं लिहावं. मी माझ्या रीडमीत आता पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की उत्तराला दोन आठवडे लागू शकतात. ती ओळ टाकल्यापासून रागाचे मेल खरोखर कमी झाले.

पायरी ३. लिहिण्याआधी पंधरा मिनिटं द्या

नवीन व्हर्जन टाकून बघा. प्रकल्पाच्या पानावर इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींच्या, यादीत शोधा, उघडे आणि बंद दोन्ही. एरर आली असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा शोधात टाका. आपला प्रश्न 'हे कसं करायचं' असा असेल तर इश्यू उघडू नका, चर्चेसाठी दिलेल्या जागी विचारा. निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यातच काम होतं.

एक अपवाद. तुम्हाला सापडलेली गोष्ट सुरक्षेची असेल, म्हणजे तिच्या आधारे कुणी दुसऱ्याची माहिती चोरू शकेल अशी, तर ती उघड इश्यूत अजिबात लिहू नका. रेपॉझिटरीत अनेकदा 'सिक्युरिटी' नावाची फाइल असते, त्यात खासगीत कळवायचा पत्ता असतो.

पायरी ४. तक्रार लिहा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळं इथेच घडतं किंवा बिघडतं.

सातारा जिल्ह्यात एका गावच्या वाचनालयाचं काम बघणाऱ्या ताई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांनी सभासदांची यादी एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि मला फोन केला. "दादा, यादी पार विस्कटलीय हो. क्षीरसागर खऱ्यांच्या आधी येतायत, ज्ञानमोठे मध्येच कुठेतरी. लोक रजिस्टरला शेवटी बघतात, त्यांना नाव सापडत नाही." त्यांनी इश्यूही उघडला होता. शीर्षक: 'मराठी चालत नाही'. खाली एकच वाक्य, तातडीने लक्ष द्यावं.

मी त्यांना विचारलं, हे वाचून परदेशात बसलेल्या, देवनागरी न येणाऱ्या माणसाने नेमकं काय करायचं? मराठी दिसत नाही, टाइप होत नाही, छापलं जात नाही, की क्रम चुकतो? मग आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिलं. त्याचं मराठी रूप असं:

"शीर्षक: मराठी नावांच्या क्रमवारीत ळ, क्ष, ज्ञ चुकीच्या जागी येतात.

व्हर्जन ३.२, विंडोज १०, भाषा मराठी निवडलेली.

काय केलं: पाच सभासद नोंदवले. कासार, काळे, कावळे, खरे, क्षीरसागर. मग आडनावानुसार यादी लावली.

काय दिसलं: काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरे.

काय अपेक्षित होतं: कावळे, कासार, काळे, खरे, क्षीरसागर.

कारण: शाळेत शिकवल्या जाणाऱ्या मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ सगळ्यांत शेवटी. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ लगेच ल नंतर आहे, आणि क्ष हे अक्षर क, हलन्त आणि ष असं मिळून बनतं, म्हणून ते क मध्ये जातं. सॉफ्टवेअर बहुधा युनिकोडच्या क्रमांकानुसार यादी लावत असावं.

परिणाम: साडेआठशे नावांच्या छापील यादीत लोकांना आपलं नाव सापडत नाही. काम अडलेलं नाही, सध्या ती नावं हाताने हलवतो."

या मजकुरात चार गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक तक्रारीत हव्यात. व्हर्जन, दुसऱ्याला आपल्या घरी करून बघता येईल अशी कृती, दिसलेलं आणि अपेक्षित यांची शेजारी शेजारी मांडणी, आणि अडचण किती मोठी आहे याचा खरा अंदाज. शेवटची गोष्ट लोक हमखास टाळतात. 'काम अडलेलं नाही' असं लिहिलं तर कुणी लक्ष देणार नाही अशी भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. जो माणूस अडचण आहे तेवढीच सांगतो, तो पुढे कधी 'हे फार गंभीर आहे' म्हणाला तर त्यावर लगेच विश्वास बसतो.

बारकावे आणखी काही आहेत. ताईंनी आधी खऱ्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला होता, त्यात सभासदांचे मोबाइल नंबर होते. इश्यू सगळ्या जगाला दिसतो. खरा डेटा कधीही टाकू नका, पाच खोटी नावं पुरतात. मराठी शब्द चित्राबरोबर मजकूर म्हणूनही द्या, म्हणजे समोरच्याला कॉपी करून तपासता येतात. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तर चालतं. अनेक मेंटेनरांचीही, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचीही, मातृभाषा इंग्रजी नसते. लहान वाक्यं लिहा. आणि तुमच्या भाषेतली जी गोष्ट तुम्हाला उघड वाटते ती त्यांना अजिबात ठाऊक नाही असं धरून चाला. मराठीबद्दलच्या तक्रारींत खरी मोलाची भर असते ती हीच, कारण ती माहिती त्यांना दुसरीकडून मिळणार नाही.

इंग्रजीसाठी एआयची मदत घेतलीत तर काही बिघडत नाही. फक्त तुम्ही स्वतः पाहिलं नाही असं एक अक्षरही त्यात येऊ देऊ नका. एआयकडून लिहून घेतलेल्या, दिसायला पंडिती आणि आतून पोकळ तक्रारींनी मेंटेनर जेरीस आले आहेत. कर्लने दोष शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायची योजना २०१९ पासून चालवली होती. अशाच तक्रारींचा लोंढा सोसेनासा झाल्यावर जानेवारी २०२६ अखेर ती बंद केली.

पायरी ५. वाट पाहा, आणि नीट पाहा

इश्यू टाकल्यावर दोन आठवडे काहीच करू नका. मग एक सौम्य आठवण, तीही काही नवीन सांगण्यासारखं असेल तर उत्तम: 'नव्या व्हर्जनमध्येही हेच दिसतं' असं काही. दुसऱ्याने उघडलेल्या इश्यूखाली 'मलाही' असं लिहिलंत तर त्यावर लक्ष ठेवून असलेल्या प्रत्येकाला मेल जातो. त्याऐवजी अंगठ्याचं चिन्ह दाबा, मोजणी आपोआप होते.

'अजून झालं नाही?', 'एवढी साधी गोष्ट', 'तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्याला द्या' ही वाक्यं लिहू नका. यांनी काय होऊ शकतं याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

एक्सझेड युटिल्स हे फाइली दाबून लहान करणारं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. ते वर्षानुवर्षं सांभाळत होते फिनलंडचे लासे कॉलिन, एकटे, विनामोबदला. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या कोडच्या दुरुस्त्या, पडून आहेत, प्रगती होत नाही, नवा मेंटेनर आणा. कॉलिन यांनी उत्तरात लिहिलं की दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे आपली शक्ती कमी पडते आहे, आणि हा बिनपैशांचा छंद आहे हेही लोकांनी लक्षात ठेवावं. त्याच काळात 'जिया टॅन' या नावाने एकजण चांगले पॅच पाठवत होता, मदतीला तत्पर होता. हळूहळू प्रकल्पाच्या किल्ल्या त्याच्या हाती आल्या. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये त्याने चोरदरवाजा बसवला होता.

तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरमुळे. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याला खटकलं, त्याने मूळ शोधत नेलं आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळवलं. तगादा लावणारी ती नावंही बनावट असावीत आणि त्याच कटाचा भाग असावीत असा दाट संशय आहे.

मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त टोचतं ते हे: त्या बनावट तगाद्यात वेगळं असं काहीच नव्हतं. रोज कुठल्या ना कुठल्या प्रकल्पावर खरी माणसं अगदी तशाच भाषेत लिहितात, म्हणून तो कुणाला संशयास्पद वाटला नाही. थकलेल्या माणसावर आणखी दाब येत होता आणि बघणाऱ्यांना ते नेहमीचंच वाटलं.

पायरी ६. 'नाही' असं उत्तर आलं तर

येईल. 'ही सोय आम्ही घेणार नाही' हे उत्तर तुमचा अपमान करायला दिलेलं नसतं. आत घेतलेली प्रत्येक ओळ पुढे कायम सांभाळावी लागते, आणि ती सुचवणारा माणूस तोवर निघून गेलेला असतो. कारण एकदा विचारा, पटलं नाही तरी वाद वाढवू नका. तुमच्याकडे रस्ते उरतात: फोर्क करून, म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत काढून, आपल्यापुरता बदल करा, प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोड देण्याची, सोय असेल तर ती वापरा, किंवा ओळखीच्या प्रोग्रामरला पैसे देऊन करून घ्या. संस्था असेल तर हा तिसरा रस्ता खरंच विचारात घ्या. बंद सॉफ्टवेअरमध्ये कोडच हाती नसतो, फार तर प्लगइनचा रस्ता उरतो.

पायरी ७. आपल्याकडून काही द्यायचं असेल तर

नवख्या मुलांना वाटतं की योगदान म्हणजे कोड, आणि तोही लगेच. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमातल्या टी-शर्टसाठी लोकांनी, त्यात आपल्याकडची पुष्कळ मुलं होती, रीडमीत एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा बदल आत घ्या' अशा विनंत्यांचा, पाऊस पाडला. ज्या प्रकल्पांना यात यायचंच नव्हतं त्यांच्याही दारात ढीग लागला, शेवटी आयोजकांनी चालू महिन्यातच नियम बदलले. २०२४ च्या सुरुवातीला एका शिकवणीच्या व्हिडिओत एक्सप्रेस या प्रकल्पाची रीडमी उदाहरण म्हणून दाखवली, तर शेकडो मुलांनी तिथे खरोखरच आपापलं नाव घालून पुल रिक्वेस्ट पाठवल्या. मुलांना दोष द्यावासा वाटत नाही, शिकवणाऱ्याने सरावासाठी वेगळी रेपॉझिटरी करून द्यायला हवी होती. तुम्ही शिकवत असाल तर एवढं कराच.

खरी गरज असते ती वेगळ्या कामांची. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात आणि तिथे चांगल्या मराठीची नेहमी टंचाई असते. जुने इश्यू नव्या व्हर्जनवर तपासून 'अजून आहे' किंवा 'आता नाही' असं कळवणं, हे कोड न येणाऱ्यालाही जमतं, आणि माझ्यासारख्याचे कित्येक तास त्याने वाचतात. पहिला कोड पाठवायचा असेल तर 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेलं काम घ्या, आणि हात घालण्याआधी इश्यूत तसं लिहा. पुण्या-मुंबईत असाल तर फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेच्या भेटींना जा, तिथे विचारायला लाजावं लागत नाही.

पैसेही द्यावेत. कंपनीत असाल तर साहेबांशी बोला. झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, तो दाखला सांगायला सोयीचा पडतो. आणि काहीच जमत नसेल तर दोन ओळी लिहा. मामांच्या पुस्तकासाठी केलेल्या कन्व्हर्टरने कुणीतरी आपल्या आजोबांची कीर्तनं युनिकोडमध्ये आणली, तसा मेल मला आला होता. तो मी अजून जपून ठेवला आहे.

पायरी ८. शेवटपर्यंत सोबत राहा

ताईंच्या इश्यूला सोळाव्या दिवशी उत्तर आलं. मेंटेनरने विचारलं होतं, काही मराठी शब्दकोशांत क्ष हा क मध्येच दिसतो, मग नेमका कोणता क्रम बरोबर? प्रश्न रास्त होता. ताईंनी त्याच संध्याकाळी लिहिलं की दोन्ही पद्धती चालतात, पण नावांच्या यादीत लोक शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे शोधतात. आणि पहिलीच्या पुस्तकातल्या वर्णमालेचा फोटो जोडला. पुढे चाचणीसाठी एक व्हर्जन आलं, त्यात क्ष जागेवर गेला होता, ळ मात्र तसाच. त्यांनी पुन्हा तीच पाच नावं घालून, दिसलेलं आणि अपेक्षित असं शेजारी शेजारी लिहून पाठवलं.

चौथ्या महिन्यात ते अधिकृत रिलीजमध्ये आलं. ताईंनी नवीन व्हर्जन टाकलं, यादी छापली, 'तपासलं, चालतं, आभार' असं लिहिलं आणि इश्यू स्वतः बंद केला. क्षीरसागर आता शेवटच्या पानावर आहेत, ज्ञानमोठ्यांच्या एक ओळ वर.